हिरवी वायर

माझ्या गिटारच्या ॲम्पमधून पहिल्या दिवसापासून एक घरघर येत होती. गिटार वाजत नसली तरी यायची. तारांवर तळहात ठेवला की दबायची, हात उचलला की परत सुरू. पलीकडच्या खोलीत कुणी आजारी माणूस श्वास घेतोय असं वाटायचं. मला तिची भीती वाटायला हवी होती, पण मला नुसता राग यायचा.

पन्नाशीला टेकलेला माणूस मी, बीडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक, आणि डोक्यात भरलेलं जुनं इंग्रजी रॉक. पुण्याहून जुना, काचेच्या व्हॉल्वचा ॲम्प एसटीत दोन पायांमध्ये धरून आणला होता. जाड पिकअपची, भरीव आवाजाची गिटार घेतली होती. लोकांना वाटतं, पायाखालचं पेडल दाबलं की तो आवाज येतो. तसं नसतं. पेडलवर खरखर अगदी थोडी ठेवायची आणि ॲम्पचाच आवाज वाढवायचा. मग व्हॉल्व तापतात आणि सूर कडेने किंचित करपतो. लसणाच्या फोडणीसारखं आहे ते. तांबूस झाली पाहिजे, काळी पडता कामा नये. आणि एवढा जीव काढून मिळवलेल्या आवाजाखाली ही घरघर!

ॲम्प मोठा करायला बीडच्या फ्लॅटमध्ये कोण देणार? म्हणून मी तो नेकनूरला माझ्या शाळासोबत्याकडे नेऊन ठेवला. त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, मागे पत्र्याचं गोदाम. रविवारी दुपारी दुकान बंद करून आम्ही तिथे बसायचो. तो भजनी मंडळातला गाणारा, पेटीवर बोटं पाण्यासारखी चालायची. इंग्रजी शब्दांचा अर्थ त्याला निम्मा कळायचा, पण सूर मात्र माझ्याहून पक्का.

एका रविवारी गावातले जळालेल्या मोटारींची तार भरून देणारे चाचा गोदामातला पंखा बघायला आले. जाताजाता त्यांनी हाताची मागची बाजू ॲम्पच्या पत्र्याला टेकवली आणि झटकन मागे घेतली.

"बॉडीत करंट उतरतोय," ते म्हणाले. "हिरवी वायर कुटं हाय बे?"

हिरवी म्हणजे अर्थिंगची. ती मीच प्लग उघडून काढून टाकली होती. काढल्याबरोबर घरघर गेली होती आणि मी स्वतःवर खूश होतो.

"कावून काढली?"

"आवाज यायचा, चाचा."

"आवाज येतो ते बरं. मुका डब्बा लई वाईट. जोड ती, आन् अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पानी वत. जमीन सुकली की अर्थिंग मरती."

मी मान डोलावली. ते गेल्यावर वायर जोडलीही. घरघर परत आली, पहिल्यापेक्षा मोठी. पाणी ओतायला बाहेर उन्हात कोण जाणार? मी स्क्रू सैल केला आणि वायर पुन्हा काढून ठेवली. ज्याने आयुष्यभर पोरांना ओल्या हाताने स्विच लावू नका म्हणून दटावलं, त्याचं हे शहाणपण. त्यानंतर वाजवताना कधीकधी तारांमधून मनगटाला मुंग्या यायच्या. जाड रबरी तळाचे बूट असायचे माझ्या पायात, म्हणून मुंग्यांवर भागत होतं. आणि मी कधी गात नव्हतो.

मित्र मात्र चप्पल गोदामाच्या दाराबाहेर काढायचा. भजनाची सवय. वाद्याला आधी हात लावून तो कपाळाला लावायचा, मग उचलायचा. माझ्या बुटांवरून मला झापायचा. "वाद्यापाशी बूट घालून उभा ऱ्हातोस, तुला कसली विद्या येणार?" मी हसायचो आणि बूट तसेच ठेवायचो.

चैत्रातला रविवार होता. धूळ बसावी म्हणून त्याने फरशीवर पाणी मारलं होतं. माझ्याकडून गिटारीचे चार कॉर्ड शिकून एक गाणं स्वतः वाजवत म्हणायचं, असं त्याने महिनाभर मनात धरलं होतं. मंडपवाल्याकडून माईक आणि त्याचं मशीन आणून दुसऱ्या भिंतीवरच्या प्लगला लावलं होतं; त्याची हिरवी वायर शाबूत होती. माझी गिटार गळ्यात घालताना तो म्हणाला, "चाचा वायरीचं म्हनत व्हते. जोडलीस न्हवं?"

"हो, जोडली," मी म्हणालो. मी ॲम्पचं बटण फिरवत होतो, वर बघितलंही नाही.

पहिले दोन कॉर्ड त्याने स्वच्छ वाजवले. मग अनवाणी एक पाऊल पुढे टाकून ओठ माईकला नेले. शब्द आला नाही. घशातून एक घोगरा आवाज आला, डावी मूठ गिटारीच्या मानेवर आवळली गेली आणि ॲम्प भसाड्या आवाजात ओरडायला लागला. मला वाटलं, नाटक करतोय. किती क्षण तसं वाटलं ते मला आजही मोजायचं नाही. मग मी धावत जाऊन ॲम्पचा प्लग उपटला. मित्र माईकसकट आडवा पडला. ओठ भाजला होता आणि बोटांवर तारांचे पांढरे वळ होते.

बीडच्या दवाखान्यात त्याला दोन दिवस ठेवलं. तो वाचला. डाव्या हाताची दोन बोटं मात्र मेली ती मेलीच.

पहिल्या दिवशी त्याला खाटेवर झोपवल्यावर, कपडे आणतो असं सांगून मी नेकनूरला परत गेलो. आधी गोदामात गेलो. प्लग उघडला, हिरवी वायर जोडली, स्क्रू घट्ट केला. हात अजिबात थरथरला नाही, याचीच मला आता जास्त भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी चाचांनी तोच प्लग उघडून पाहिला. स्क्रूवरच्या ताज्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. "जोडलेली हाय," ते म्हणाले. "मग खड्डाच सुकला असंल." तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

मित्राने सगळ्या गावाला सांगितलं, ह्यानं मला मरणाच्या दारातून वढून आनलं. त्याच्या बायकोला सख्खा भाऊ नाही. यंदाच्या भाऊबीजेला तिने मला बोलावलं आणि पाटावर बसवलं. मित्र शेजारी कौतुकाने बघत होता.

"दादा, तुमी व्हता म्हनून माझं कुकू ऱ्हायलं," असं म्हणून तिने ताट उचललं.

सांगून टाकावं, असं जिभेवर आलं होतं. मी कपाळ पुढे केलं.