लाल्या, पांढऱ्या आणि एक आरोळी

डबिंग स्टुडिओत काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. शहाणीसुरती माणसं बंद खोलीत जाऊन किंचाळतात, रडतात, मरतात आणि बाहेर येऊन 'चहा सांगितला का?' विचारतात. मी काचेच्या अलीकडे बसून हे सगळं रेकॉर्ड करते. विश्रांतवाडीला घरी पोचले की सासूबाई सहज विचारतात, "आज कोण मेलं गं?" मीही हातपाय धुता धुता सांगून टाकते!

पण बिबवेवाडीच्या आमच्या स्टुडिओत त्या एका जपानी कार्टूनच्या वेळी जे घडलं, ते घरी सांगून संपत नाही.

'कार्टून' म्हटलं की आमचा डायरेक्टर निखिल दुखावतो. "सुजाता, कार्टून नाही, अ‍ॅनिमे!" बरं, अ‍ॅनिमे. भुतं मारायच्या शाळेत दोन पोरं असतात. एकाचे केस लाल, त्याच्या मुठीत आग. दुसऱ्याचे पांढरे, त्याच्या हुकमतीत सावल्या. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. आणि या भागात असा एक राक्षस येतो, की एकट्याने वार केला तर तो वार करणाऱ्याची शक्तीच गिळून टाकतो. दोघांनी एकाच क्षणी मारलं तरच मरणार! त्यांची जपानी नावं कोणाच्या तोंडात बसेनात, म्हणून स्टुडिओत ते लाल्या आणि पांढऱ्या झाले.

मालिका दाखवणाऱ्या कंपनीने हा एकच भाग नमुना म्हणून मागवला होता. आवडला तर अख्खी मालिका मराठीत, नाही तर मराठी रद्द.

*

मराठी कार्टूनमधलं कुठलंही वांड पोरगं बोललं, की समजायचं मंजिरीताई बोलल्या. साठीला आलेल्या बाई, पण माईकसमोर दहा वर्षांचा मुलगा अगदी हुबेहूब. लाल्या त्यांनाच मिळणार हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. कंपनीने मात्र आवाजांचे नमुने ऐकून अश्विनीला निवडलं. अश्विनी तेवीस वर्षांची, अमरावतीची, कात्रजला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. मंजिरीताईंच्या वाट्याला पांढऱ्या आला.

त्यांनी कागद बघितला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "केसांच्या रंगावरून वाटप केलेलं दिसतंय."

त्याच दिवशी चहाच्या वेळी अश्विनीने आम्हाला सगळं सांगून टाकलं. तिच्या बाबांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. ही मालिका मिळाली तर पुणं, नाही तर परत जाऊन काकांच्या क्लासचं ऑफिस सांभाळायचं. "मले नाही न जायचं," ती म्हणाली. माईकवर तिची भाषा तोलूनमापून असते, पण पोटातलं बोलायला लागली की ती घरचीच होते.

मंजिरीताई चहावर फुंकर घालत म्हणाल्या, "अमरावतीची हवा चांगली असते म्हणतात."

मला खरंच राग आला होता. पण पुण्यात राहून अशा वाक्यांवर चिडायचं म्हटलं, तर दिवसभर दुसरं कामच करता यायचं नाही.

*

मारामारीच्या भागात संवाद थोडे आणि 'हंऽ', 'आऽ', 'उफ्' फार. मार देण्याचे आवाज वेगळे, खाण्याचे वेगळे, भिंतीवर आपटण्याचे वेगळे. एके दिवशी एसी बंद पडला, म्हणून आम्ही दारं उघडी ठेवून अश्विनीला तासभर मारलं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर वर आले. हातात ग्लोव्ह्ज, कपाळावर दिवा.

"अहो, आपल्याला एक विनंती आहे," ते अतिशय सभ्यपणे म्हणाले. "तुम्ही जरूर मरा, पण जरा हळू मरा. माझे दोन पेशंट वेटिंगमधून उठून गेले!"

*

डबिंगमध्ये प्रत्येक आर्टिस्ट एकटाच येऊन आपापले संवाद बोलून जातो. त्यामुळे पडद्यावर गळ्यात गळे घालणारी माणसं प्रत्यक्षात एकमेकांना भेटलेलीही नसतात. या दोघींनीही न भेटता सहज काम केलं असतं. पण मंजिरीताई मुद्दाम तासभर आधी यायच्या, माझ्या शेजारी बसायच्या, हेडफोन लावायच्या आणि आत अश्विनी बोलत असताना मला निरोप द्यायच्या.

"त्यांना सांग, समोर भूत आहे, रिक्षावाला नाही. 'येणार का?' असं विचारू नये."

आर्टिस्टशी बोलायचं बटण माझ्याकडे असतं. मी ते दाबून गोड आवाजात म्हणायची, "अश्विनी, छान. फक्त थोडा जोर हवाय."

तिसऱ्या निरोपाला ती आतून म्हणाली, "सुजाताताई, मॅडम जे म्हणून राहिल्या तेच सांगा न! काचेतून ओठ दिसतात मले, अन् ओठ वाचायचाच तर आपला धंदा आहे!"

मंजिरीताईंनी लगेच खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसल्या. त्यानंतरचे निरोप मी दोनदोनदा ऐकून मग जसेच्या तसे पुढे पाठवायला लागले.

*

लाल्याच्या मुख्य अस्त्राचं नाव निखिलने मोठ्या हौसेने केलं होतं. 'सप्तज्वालामुखी महाप्रहार!' अडचण एवढीच, की पडद्यावर लाल्याचं तोंड दोनदाच उघडायचं. अश्विनी 'सप्तज्वा'पर्यंत पोचायची आणि लाल्या तोंड मिटून मारायला लागायचा. तिने वेग वाढवून बघितला, तर ते अस्त्र न वाटता रेल्वेची अनाउन्समेंट वाटायला लागली.

शेवटी मंजिरीताईंनी माझं बटण स्वतःच दाबलं. "एवढं नाव घेऊन कोण कोणाला मारतं? 'हे घे!' म्हण आणि मार."

निखिल उडालाच. "ताई, ही प्राचीन विद्या आहे!"

"विद्या प्राचीन असेल रे. तोंड दोनदाच उघडतंय."

अश्विनीने "हे घे!" म्हटलं आणि ते असं चपखल बसलं, की ती आत खळखळून हसली. मग आपलं भांडण आहे हे आठवून तिने तोंडावर हात ठेवला. मला मात्र त्या हसण्यानं बरं वाटलं.

*

पुढच्या खेपेला अश्विनीने उरलेलं सगळं ओरडणं एकाच बैठकीत काढायचं ठरवलं. नवी मुलं ही चूक करतातच. तासाभराने तिचा आवाज फाटला. पाणी प्यायली, पुन्हा ओरडली, आणखी फाटला. आवाज गेला तर भाग गेला, आणि भाग गेला तर पुणं गेलं, हे तिला कळत होतं. म्हणून ती थांबायला तयार नव्हती.

मंजिरीताईंनी हेडफोन काढला आणि अश्विनीच्या वेळी पहिल्यांदाच आत गेल्या. अश्विनीचा हात धरून त्यांनी तो स्वतःच्या पोटावर ठेवला आणि अशी डरकाळी फोडली, की माझा चहा सांडला!

"घशातून नाही ओरडायचं. इथून. घसा फक्त रस्ता आहे."

अश्विनी डोळे विस्फारून बघत राहिली. "मॅडम, हे... कुठून काढलं तुम्ही?"

"सांगितलं ना आत्ता? आणि मॅडम काय? मी काय कॉन्व्हेंटची टीचर आहे?"

दुसऱ्या दिवशी अश्विनीच्या माईकजवळ ज्येष्ठमधाच्या गरम पाण्याचा थर्मास ठेवलेला. निखिलने विचारलं, "ताई, हे तिच्यासाठी आणलंत?"

"छे! घरी जास्तीचं झालं होतं."

*

आणि मग आली ती शेवटची आरोळी. राक्षसावर दोघं एकाच क्षणी वार करतात आणि एकत्र ओरडतात. मी दोघींचे वेगवेगळे टेक घेतले, पुढेमागे सरकवले, कापले, जोडले. कागदावर सगळं बरोबर होतं, पण ऐकलं की वाटायचं, एक कात्रजहून ओरडतेय आणि दुसरी पुण्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या विश्रांतवाडीहून.

"दोघींना एकत्र आत घ्यावं लागेल," निखिल म्हणाला. भाग दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता.

आमची खोली म्हणजे जेमतेम लिफ्टएवढी. एक माईक, मंजिरीताई उंच, अश्विनी बुटकी. पहिल्या टेकला ताईंचा हात लागून अश्विनीचा चष्मा उडाला. दुसऱ्याला ताई आधी ओरडल्या, तिसऱ्याला अश्विनी. त्यानंतर दोघी एकमेकींची वाट बघत राहिल्या आणि राक्षस बिनबोभाट मेला!

असे किती टेक गेले, मी मोजायचं सोडून दिलं. अश्विनी खाली बसली. "जाऊ द्या," ती म्हणाली. "मी सांगते बाबांना, येते म्हणून." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही. निखिल उगाचच वायर गुंडाळत उभा होता.

मंजिरीताई मात्र पडद्याकडे बघत होत्या. चित्र थांबलेलं होतं. लाल्या आणि पांढऱ्या पाठीला पाठ लावून उभे.

"निखिल, अजून एक माईक लाव. आम्ही अशाच उभ्या राहतो."

"अहो ताई, मग एकीचं तोंड भिंतीकडे जाईल. तिला पडदा दिसणार नाही."

"मला नको पडदा. हिला बघू दे. ही श्वास घेईल तो माझ्या पाठीला कळेलच की."

डबिंग करणाऱ्या माणसाने पडदा सोडायचा म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मंजिरीताईंच्या आणि पडद्याच्या मध्ये चहावाला आला तरी त्या टेक थांबवायच्या. त्या बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. अश्विनी उठली, डोळे पुसले, चष्मा घातला आणि तिने पाठ टेकवली.

"घाबरू नकोस गं," ताई म्हणाल्या. "चुकली तर दोघींची चुकेल."

मी हात वर केला. हेडफोनमध्ये एक श्वास ऐकू आला. माईक दोन, बायका दोन, पण श्वास एक. आणि मग "हे घे!"

माझ्या अंगावर काटा आला. निखिल तर 'ओके' म्हणायचंच विसरून गेला.

थोड्या वेळाने आतून मंजिरीताईंचा आवाज आला, "कोणी ओके म्हणणार आहे, की आम्ही अशाच उभ्या राहू?"

*

कंपनीचा मेल पुढच्या आठवड्यात आला. निखिलने आम्हाला सगळ्यांना बोलावून तो मोठ्याने वाचला. चित्र छान, भाषा छान, मिक्सिंग छान. माझी मान जरा ताठ झाली. मग तो अडखळला.

"'फक्त एक गंभीर तक्रार आहे. शेवटच्या आरोळीत दोन्ही पात्रांना एकाच कलाकाराचा आवाज वापरलेला स्पष्ट कळतो. पुढच्या भागापासून कृपया अशी काटकसर करू नये. दोन स्वतंत्र कलाकार घ्यावेत.'"

आणि मग दोघी एकदम, एका श्वासात ओरडल्या, "माझा आवाज? हिच्यासारखा?"

"कान आहेत का त्यांना?" मंजिरीताई उठून उभ्या राहिल्या. "माझा आवाज कुठे, या पोरीचा चिरका कुठे!"

"चिरका? अन् तुमचा का बासरी आहे काय ताई? मीच लिहिते त्या कंपनीले!"

"लिही, लिही! खाली माझीही सही घे!"

"अगं, अहो, ऐका तरी," निखिल मध्ये पडायला बघत होता. "ते 'पुढच्या भागापासून' म्हणतायत..."

त्याचं कोण ऐकतंय! खोकल्याचा आवाज कोणाचा चांगला, इथपर्यंत प्रकरण गेलं. आणि बोलता बोलता अश्विनी मध्येच थांबली. तिने निखिलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पुढचा भाग... म्हणजे पुढचा भाग आहे?"

निखिलने मान डोलावली. मंजिरीताईंनी टेबलावरचा तिचा मोबाईल उचलला आणि तिच्या हातात ठेवला.

"आधी बाबांना फोन लाव. तोवर भांडण मी धरून ठेवते."