शेजारची सीट

सीटवाल्या काकूंना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं, आणि त्यांची त्याबद्दल तक्रारही नव्हती. घराच्या पुढच्या खोलीला शटर, शटरच्या आत जाड सुईचं मशीन, भिंतीला टांगलेल्या स्प्रिंगा आणि कोपऱ्यात काथ्याचा ढीग. गाड्यांच्या सीटा दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. गिऱ्हाइकाने सीट आणून टेकवली की काकू आधी तिच्यावर हात फिरवायच्या. मग मान वर करून म्हणायच्या, "मागच्या खिशात एवढं जाड पाकीट ठेवून बसता होय? सरळ बसत जा. कंबर दुखेल." गिऱ्हाईक ओशाळं हसायचं. माणसाच्या बसण्यावरून त्याला चार शब्द सुनावल्याशिवाय काकूंना काम सुचतच नसे, आता याला काय करणार!

मागच्या शेडमध्ये त्यांची स्वतःची गाडी होती. म्हणजे यजमानांची. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी त्यांनी ती कोरी घेतली आणि पुढे जन्मभर तीच चालवली. पाण्याच्या पंपावर नोकरी, तिथे जिन्यावरून पडून कमरेचं हाड मोडलेलं, तेव्हापासून ते दाराकडे कलून, खिडकीत कोपर टेकवून बसायचे. त्यामुळे त्यांच्या सीटला दाराच्या बाजूला खोल खड्डा पडला होता. काकू शेजारी बसायच्या, चप्पल काढून, एक पाय दुमडून खाली घेऊन. "बाईसाहेब, ही गाडी आहे, पलंग नव्हे," असं ते दर वेळी म्हणायचे. मग एका साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. त्यानंतर गाडी शेडबाहेर निघाली नाही. काकूंना चालवता येत नव्हती, आणि लेकाने कधी किल्लीला हात लावला नाही.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होता. शांत मुलगा, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण या गाडीचा विषय निघाला की त्याच्या अंगात यायचं. जुन्या गाड्यांवरचा रोड टॅक्स दर वर्षी चढत होता, गाडी नुसती उभी असली तरी. तीस वर्षं झाली की गाडी क्लासिक ठरायची आणि टॅक्स जवळजवळ माफ. त्यांच्या गाडीला तिशी गाठायला थोडीच वर्षं उरली होती, पण तीच वर्षं जड होती.

"देऊन टाक ना भंगारात," लेक म्हणायचा. "जुन्या गाड्या धूर ओकतात. त्यांना सवलत कशाला द्यायची? नव्या गाडीवाल्यांनी काय घोडं मारलंय?"

"उभी गाडी कसला धूर ओकते रे?" काकू फणकारायच्या. "आणि हा कुठला न्याय? तिशी होईपर्यंत गाडीला झोडपायचं, आणि तिशी झाली की डोक्यावर घेऊन नाचायचं! मधेच सगळ्या भंगारात गेल्या तर क्लासिक व्हायला उरणार कोण?"

लेक तेवढ्यापुरता विषय सोडायचा. तरी दोन दिवसांनी तो पुन्हा तेच टुमणं लावायचा. टॅक्स जड असला तरी आपण दोघं कमावतो, मग या पोराला झालंय तरी काय, हे काकूंना कळेना.

त्यांनी एक गोष्ट मात्र त्याला कधी सांगितली नव्हती. फोम आणि काथ्या यांचा स्वभाव त्यांना पाठ होता. सीटवर कुणी बसलं नाही की काथ्या हळूहळू वर येतो, खड्डा उथळ होतो, खोळीवर सुरकुत्या पडतात. यजमानांच्या सीटचा खड्डा वर येत नव्हता. शेडची धूळ टपावर बसायची, काचेवर बसायची, पण त्या खड्ड्यात बसायची नाही. काकूंनी एकदा भीत भीत तळहात ठेवला. सीट कोमट होती. शेडवर ऊन येतं म्हणून असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि दार लोटून घेतलं. शेडवर ऊन येत नसे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

अशात सरकारने नवा नियम काढला. तिशीच्या उंबरठ्यावर आलेल्या गाड्यांनाही टॅक्समध्ये सवलत मिळणार होती, फक्त गाडी मूळची असली पाहिजे. रंग, काचा, सीटा, सगळं कारखान्यातून आलं तसं. काकूंनी त्याच दिवशी अर्ज टाकला. लेक जेवणावरून उठून गेला.

तपासणीच्या आदल्या दुपारी काकूंनी गाडी पुसायला घेतली आणि तिथे त्यांची चूक झाली. सीटवाल्याच्याच हातून होईल अशी. उद्या इन्स्पेक्टर येणार, आणि सीटवाल्या काकूंच्या स्वतःच्या गाडीची सीट बसकी? चारचौघांत तोंड कसं दाखवायचं? हाताला सवय ती सवय. त्यांनी दाभण घेतलं, खोळीची कडेची शिवण उसवली, काथ्या भरला, तेच कापड, तशाच रंगाचा जुना दोरा, आणि शिवण बंद केली. सीट कशी टुमदार दिसू लागली. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं. यजमानांचा या जगातला शेवटचा ठसा त्यांनी स्वतःच्या हाताने भरून टाकला होता. त्या शेडच्या पायरीवर बसून ढसाढसा रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्टरबाई आल्या. चुणचुणीत, गळ्यात टॉर्च अडकवलेला. त्यांनी बॉनेट बघितलं, काचांवरचे शिक्के बघितले, मग यजमानांच्या बाजूचं दार उघडलं.

"वा काकू!" त्या म्हणाल्या. "याला म्हणतात मूळची सीट. लोक तपासणीच्या आधी नवीन भरून घेतात, आणि मी त्यांना तिथल्या तिथे परत पाठवते. तुम्ही हा खड्डासुद्धा जपलात."

काकू पुढे झाल्या. खड्डा होता. दाराच्या बाजूला खोल, होता तसाच.

पण त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "बाई, ही सीट मी काल उसवली होती. काथ्या भरला होता."

इन्स्पेक्टरबाईंनी शिवणीवर टॉर्च मारला आणि त्या हसल्या. "काय थट्टा करता काकू! टाक्याटाक्यांत वर्षांची धूळ बसलीय. हिला कारखान्यानंतर कुणाचा हात लागलेला नाही. सवलत मंजूर समजा."

त्या गेल्यावर लेक शेडच्या दारात उभा होता. चेहरा पांढराफटक.

"आई, खरंच भरला होतास तू काथ्या?"

"तुझी शपथ."

तो मटकन खाली बसला. "मी दुकानातून आलो की इथे येऊन बसतो. रोज. मागच्या सीटवर, लहानपणी बसायचो तसा. बाबा गेल्यावर करमेना म्हणून. पहिल्यापासून पुढची सीट दबते, आई. कुणी दिसत नाही, स्प्रिंग करकरते आणि सीट खाली जाते. मला भीती नाही वाटली. बाबाच ते. मी त्यांना दुकानातलं सगळं सांगायचो."

"अरे मग भंगाराचं टुमणं कशाला लावलंस?"

लेकाने आईकडे बघितलं नाही. "हल्ली दोन्ही सीटा दबतात. आधी त्यांची. मग तुझी." त्याने शेजारच्या सीटकडे बोट केलं. "रोड टॅक्स गेला खड्ड्यात! मला फक्त ही गाडी घरातून जायला हवी होती. सवलत मिळाली तर ती कायमची राहील. मग तू…"

काकूंनी वळसा घालून शेजारचं दार उघडलं. यजमान गेल्यापासून त्यांनी या बाजूला हात लावला नव्हता. सीटवर ताजा खड्डा होता, आणि त्यात एका बाजूला गुडघ्याची गोलाई, मागे घोट्याची खूण. एक पाय दुमडून बसणारं त्या घरात एकच माणूस होतं. त्यांनी हात ठेवला. कोमट.

खरं सांगायचं तर काकूंना भीती वाटलीच नाही. आनंद झाला. कुणीतरी आपली जागा धरून ठेवली आहे, आपण फक्त जाऊन बसायचं, चप्पल काढून. त्यांनी एक चप्पल काढलीसुद्धा. एवढ्यात मागून लेकाचा हुंदका ऐकू आला. एवढा बाप्या, पण शेडच्या खांबाला धरून लहान पोरासारखा उभा होता. काकूंनी चप्पल पुन्हा पायात सरकवली.

"तेराचा पाना आण," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"माझी सीट काढतेय."

"अगं, सवलत जाईल. मूळची सीट नसली तर…"

"जाऊ दे. पूर्ण भरू टॅक्स. वर्षानुवर्षं भरू. पाना आण म्हटलं ना!"

बोल्ट गंजले होते, त्यांनी दोघांचाही घाम काढला. शेवटचा सुटला तेव्हा काकू यजमानांच्या सीटकडे वळून म्हणाल्या, "अहो, ऐकताय ना? तुम्ही बसा खुशाल, तुम्हाला कुणी उठवत नाही. पण याला अजून मी लागते. मी मागाहून येईन. एवढी घाई करू नका." मग मायलेकांनी सीट उचलून पुढच्या खोलीत नेली. काकूंनी ती उसवली, काथ्या मोकळा केला, स्प्रिंगा भिंतीला टांगल्या. इन्स्पेक्टरबाईंना त्यांनी स्वतःच फोन करून कळवलं. "काकू, हातातली सवलत घालवलीत हो!" त्या हळहळल्या. काकू हो म्हणाल्या.

त्या संध्याकाळी लेक चार घास जास्त जेवला. पुन्हा भंगाराचा विषय त्याने काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू शेडमध्ये गेल्या. गाडीत एका बाजूला उघडा पत्रा, त्यावर बोल्टांची चार भोकं. यजमानांच्या सीटला खड्डा होता. पण दाराच्या बाजूला नव्हता. ती बाजू वर आली होती, आणि सीट दुसऱ्या अंगाला दबली होती, पार कडेपर्यंत, त्या रिकाम्या जागेकडे. मोडक्या कमरेच्या माणसाला त्या बाजूला कलणं किती दुखत असेल, हे काकूंइतकं कुणाला माहीत होतं? त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सीटवरून हात फिरवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "सरळ बसा. कंबर दुखेल."