शालीच्या घडीतलं निवेदन

"अहो, निवेदन कुठाय?" अध्यक्ष ओरडले. ओरडले लातूरच्या विश्रामगृहाच्या आवारात, पण तिकडं उदगीरच्या म्हशी दचकल्या असतील. खासदारांची गाडी नुकतीच फाटकाबाहेर पडली होती.

निवेदन कुठं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. नांदेडहून येताना कागद चुरगळू नये म्हणून मीच तो सत्काराच्या शालीच्या घडीत ठेवला होता. शाल खोक्यात, खोकं गाडीत आणि गाडी गेलेली.

आमची विज्ञान परिषद म्हणजे मराठवाडाभरचे प्राध्यापक आणि एक माईक. संशोधनाला निधी मागायचा, तर आधी सत्कार. त्याशिवाय मागणं म्हणजे आम्हाला उघड्या अंगानं लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटतं. खासदारांची पाच मिनिटं मिळाली होती. प्रास्ताविकात माणूस अमीबापासून खासदारापर्यंत उत्क्रांत झाला, खोक्यासकट शाल दिली, फोटो निघाला. वेळ संपला.

इकडं आमची एक संशोधक अर्धापूरच्या केळीवरच्या मर रोगावर काम करत होती. रोगाला पुरून उरतील अशी रोपं ती नांदेडच्या प्रयोगशाळेत बाटल्यांतून वाढवत होती, लेकरांसारखी. प्रकल्प महिनाअखेरीस बंद पडणार होता. मुदतवाढीचा निर्णय दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत व्हायचा होता, आणि तिथं आमच्या सह्यांचं हेच मूळ पत्र खासदारांनीच ठेवायचं होतं.

मी खासदारांच्या सहायकाला फोन लावत राहिलो, अर्ध्या तासानं लागला.

"शालीत ठेवलं? सर, डिक्कीत सकाळपासूनच्या शालीच शाली हायत. तुमची कोणत्या रंगाची?"

"तांबडी."

"सगळ्याच तांबड्या हायत."

"जरा बघता का?"

"बघूनच राहिलो की. यांत तर कागद दिसंना. दोन खोकी मात्र आत्ताच पुढच्या सत्काराला काढून दिली."

अध्यक्षांनी घाम पुसला. "प्रयोगशाळेत तिला फोन तुम्ही करा. घडी तुमची."

मी केला. खासदार किती खूश झाले, विज्ञानाचं नाव काढताच त्यांचे डोळे कसे पाणावले, असं बरंच रचून सांगितलं. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "पत्र दिलं ना सर?"

सांगावं लागलं.

"बरं," ती म्हणाली. "मग उद्या नव्या बाटल्या भरत नाही."