रावजी घाड्याची बावीस झाडं

रावजी घाडी देवगडकडचा, नोकरी बहरीनला, आणि झाडं इंडोनेशियात! बावीस झाडं, तीही लवंगेची. बहरीनमधल्या बुसैतीनला रावजी राही त्या कामगारांच्या खोलीत नवा माणूस राहायला आला की खोलीतला गुंडू रंगारी त्याला आधी संडास कुठे ते दाखवी आणि लगेच हे सांगे. नवा माणूस हसे. रावजी मात्र बनियन वाळत घालता घालता एवढंच म्हणे, "हसा. हसूक पैसे पडणत नाय."

झालं होतं ते असं. सत्त्याहत्तर साली त्या खोलीत जमालुद्दीन राहायला आला. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या डोंगराळ खेड्यातला हा माणूस गोदीत जहाजांना वेल्डिंग करायचा. बुटका, कमी बोलणारा, आणि शुक्रवारी सगळ्या खोलीसाठी मासळी रांधणारा. पहिल्याच शुक्रवारी त्याने ओलं खोबरं वाटून मासळीत घातलं, आणि रावजीने दोन वेळा भात मागून घेतला. वाटपाची मासळी करणारा माणूस परका कसा म्हणायचा? दोघांची भाषा म्हणजे मोडकं हिंदी, थोडं अरबी आणि उरलेले हातवारे. पण तेवढ्यावर त्यांचं दोन दोन तास चाले.

एकदा जमालुद्दीनने गावाकडची एक रीत सांगितली. त्यांच्याकडे जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं असू शकतं. झाड विकत घ्यायचं, जमिनीशी संबंध नाही. चार वर्षांची लवंगेची झाडं विकाऊ आहेत, दोनेक वर्षांत तोडणीला येतील, लवंगेला भाव चांगला आहे. "तुम लो रावजी. मैं देखेगा."

दुसरा कुणी असता तर उडवून लावलं असतं. रावजीला मात्र ते चटकन पटलं, कारण त्याच्या गावातही हेच. शेत एकाचं, त्यातली कलमं भलत्याचीच. त्याच्या बापाची तीन हापूसची कलमं चुलत्याच्या जमिनीत होती. बाप गेल्यावर चुलतभावाने निरोप पाठवला, ये बाबा, एकदा झाडं बघून जा. रावजी गेला. बघता बघता त्याची सही एका कागदावर घेतली गेली आणि कलमं गेली. तेव्हापासून रावजीच्या मनात एकच होतं, की जगात कुठेतरी आपल्या नावाची झाडं असावीत, आणि म्हातारपणी बायकोला, रत्नाबाईला घेऊन त्यांच्या सावलीत जाऊन बसावं. जागा कुठली का असेना!

अठ्ठ्याहत्तरला जमालुद्दीन सुट्टीवर गावी निघाला, तेव्हा त्याच्या हाती रावजीने दिनार दिले आणि बावीस झाडं घेतली. कागद नाही, शिक्का नाही. स्वतःच्या पुढल्या सुट्टीत रत्नाबाईला सांगितलं, तर ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "झाडा आमची आणि वास घेवचो दुसऱ्यान? बरा आसा!" एवढं बोलून तिने भाकरी परतली.

रावजी एका बांधकाम कंपनीत ड्रायव्हर. झिंज भागात राहणाऱ्या सदानंद साहेबांना रोज सकाळी घ्यायचं आणि सनद भागातल्या कंपनीच्या गोदामावर सोडायचं. साहेब पुण्याचे, कंपनीचे अकाउंटंट. स्वभावाने भले, पण जगातली प्रत्येक गोष्ट फायलीत बसली पाहिजे असं मानणारे. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "जमीन नाही, कागद नाही, नुसती झाडं? रावजी, तुम्ही हवा विकत घेतलीत!"

ऐंशी साली जमालुद्दीनचं कंत्राट संपलं, तो गावी गेला. एक्क्याऐंशीत त्याचं पहिलं पत्र आलं. त्याच्या गावचा मास्तर त्याच्यासाठी इंग्रजीत लिही, आणि इकडे सदानंद साहेब गाडीत वाचून दाखवीत. लिहिलं होतं: झाडांना कळ्या धरल्या आहेत. आमच्या गावाचा नियम आहे, पहिली टोपली मालकाने स्वतः खुडायची, नाहीतर त्याच्या भावाने. मी तुझा भाऊ म्हणून खुडली. पण बोलावणं पोचूनही मालक तीन तोडण्या फिरकला नाही, तर झाडं खुडणाऱ्याची होतात. म्हणून ये.

"बघा!" साहेब म्हणाले. "आधी झाडं दिली, आता नियम निघाला. तुम्ही गेलात की आणखी काहीतरी काढेल."

साहेब बोलले नसते तरी रावजीला तेव्हाच संशय आला होता. 'ये, झाडं बघून जा.' हेच शब्द त्याने पूर्वी एकदा ऐकले होते. जमालुद्दीनचा चेहरा आठवायला जावं तर मध्येच चुलतभावाचा चेहरा येई. त्याने उत्तर लिहिलं नाही. ब्याऐंशीत दुसरं पत्र आलं, त्र्याऐंशीत तिसरं. तिसऱ्यात एवढंच होतं: ही तिसरी तोडणी, ये. साहेबांनी ते घडी करून परत दिलं. त्या वर्षी कंपनीच्या तिकिटावर रावजी देवगडला गेला आणि महिनाभर घराबाहेर पडला नाही. मन खात होतं, दुसरं काय!

चौऱ्याऐंशीत मात्र त्याला राहवेना. फसलो असलो तर फसलो, पण डोळ्यांनी बघून येईन. गुंडू म्हणाला, "डोकं फिरलंय ह्याचं. खलास!" रावजीने बिनपगारी रजा टाकली, टूरिस्ट व्हिसा काढला आणि निघाला. सिंगापूर, जकार्ता, तिथून लहान विमान, मग दिवसभर बस आणि शेवटी एका भाजीच्या टेम्पोत कोबीवर बसून गावात उतरला. गावाचं नाव त्याला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. तो 'जमालचो गाव' म्हणे.

टेम्पोतून उतरताच वास आला. घरोघरी अंगणात चटया, चटयांवर लवंग वाळत घातलेली. एका म्हाताऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "राऊजी?" सगळ्या गावाला त्याचं नाव ठाऊक होतं. शप्पथ सांगतो, देवगडात इतक्या माणसांना ठाऊक नसेल!

जमालुद्दीन घरात चटईवर पडून होता. कंबरेचं हाड मोडून वर्ष झालेलं. रावजीला बघून तो रडायला लागला, मोठ्याने, लहान पोरासारखा. मास्तर आला, सोप्या इंग्रजीत आणि हातवारे करून त्याने सगळं सांगितलं. तीन वर्षं पहिली टोपली जमालुद्दीनने स्वतः झाडावर चढून खुडली. मजूर चढवून चालत नव्हतं, भावाचाच हात पाहिजे. तिसऱ्या तोडणीला बांबूची शिडी सरकली आणि तो खाली पडला. जमालुद्दीनच्या बायकोने रावजीला हाताला धरून बागेत नेलं आणि तो पडला ते झाड दाखवलं. बावीसच्या बावीस झाडांवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेले, बुंधे साफ केलेले. तीन वर्षांची लवंग पोत्यांत शिवून माळ्यावर ठेवलेली. एक मूठही त्यातून काढली नव्हती.

संध्याकाळी गावचे वडीलधारे त्या घरात जमले. नियम होताच. तीन तोडण्या झाल्या होत्या, मालक आला नव्हता. प्रश्न एकच होता, पत्रं पोचली होती का?

जमालुद्दीन चटईवरूनच म्हणाला, "नाही पोचली. पोचली असती तर हा आला असता."

मग सगळे रावजीकडे बघायला लागले. मास्तरने त्याचं म्हणणं सोप्या इंग्रजीत सांगितलं आणि प्रश्न पुन्हा विचारला. रावजीने समोरच्या समईसारख्या दिव्याकडे बघितलं, जमालुद्दीनकडे बघायचं त्याच्याने होईना. तो म्हणाला, "नाय."

वडीलधाऱ्यांनी माना हलवल्या. झाडं रावजीची राहिली. सगळ्यांना भात वाढला गेला.

बहरीनला परतल्यावर खोलीत त्याचा भाव वाढला. त्याने आणलेली लवंग गुंडूने चहात टाकली, आणि नव्या माणसांना तो आता उलटं सांगू लागला, आमच्या रावजीची इंडोनेशियात बाग आहे! सदानंद साहेबांनीही मोकळेपणाने मान्य केलं, "चुकलो मी, रावजी. माणूस खरा निघाला." रावजीला मात्र जेवण जाईना. दोन महिने असे गेले. मग एका सकाळी सनदला गोदामापाशी गाडी थांबवून तो म्हणाला, "साहेब, एक पत्र लिवचा आसा. लिवा, तिन्ही पत्रा माका गावली होती. वाचून घेतली होती. मी मुद्दाम इलंय नाय. तुका चोर समाजलंय."

"वेड लागलंय का तुम्हाला? पत्र तो मास्तर वाचणार. सगळ्या गावाला कळेल. झाडं जातील!"

"वाचूंदेत."

"आणि मी सल्ला दिला होता ना? माझंही..."

"तुमचा नाव नको. तुम्ही सांगितल्यात, मानलंय मी. लिवा."

साहेबांनी मांडीवर फाईल ठेवून लिहिलं. रावजीने खाली मराठीत सही केली आणि त्याच दिवशी पोस्टात टाकलं. खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं, त्या दिवशी तो पोटभर जेवला. पुढले तीन महिने मात्र तो रोज ऑफिसच्या टपालाची पेटी स्वतः उघडत होता.

उत्तर पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये आलं. झिंजला साहेबांच्या बिल्डिंगखाली गाडी उभी होती. साहेबांनी पाकीट फोडलं आणि वाचलं. वडीलधारे बसले होते. नियमाप्रमाणे झाडं खुडणाऱ्याला, म्हणजे जमालुद्दीनला दिली आहेत. खरं कळवल्याबद्दल गाव आभारी आहे. या वर्षी पाऊस बरा झाला. खाली मास्तरची सही.

"योग्य झाला," रावजी म्हणाला. ते तो मनापासून म्हणाला. मग त्याने विचारलं, "जमालान काय सांगल्यान?"

"जमालुद्दीनचं काही नाही यात."

"सलाम बिलाम?"

"नाही."

रावजीने किल्ली फिरवली, गाडी सुरू केली, परत बंद केली. मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"साहेब," तो म्हणाला, "पयल्यापासून परत एकदा वाचा. एखादी ओळ रवली आसात."

सदानंद साहेबांनी चष्मा पुसला आणि पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं, तारखेपासून सहीपर्यंत, एकेक शब्द सावकाश. ओळ राहिलेली नव्हती.