डॉक्टरांना भरलेली उसण

बाटल्या रिकाम्या होतात, धुऊन पुन्हा भरतात. किस्से मात्र एकदा साठले की कमी होत नाहीत. कल्याणच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, आणि मिक्श्चर ढवळता ढवळता कानावर पडलेलं सगळं अजून आत बसलंय. त्यातलं निम्मं पाठीचंच. मिठागरात वाकायचं, भातलावणीला वाकायचं, खाडीवर गोणी उचलायच्या, मग पाठ धरणार नाही तर काय?

आमचे डॉक्टर मुंबईहून नवीनच शिकून आलेले. माणूस मोठा लाघवी, पण पाठीचा विषय निघाला की आवरणं कठीण. पाठीत अगदी आत, कण्याला चिकटून जे बारके स्नायू असतात, त्यांच्यावर त्यांचा भारी जीव.

*

इनास नावाचा ख्रिस्ती शेतकरी ठाण्याकडून मिठाची होडी घेऊन यायचा. एकदा तो पाठ धरून आला. डॉक्टरांनी त्याला पालथं झोपवलं, पीस शाईत बुडवलं आणि मला समजावून देण्यासाठी त्याच्या पाठीवर चित्रच काढलं.

"हे वरचे लांब स्नायू म्हणजे हमाल. हे ओझं उचलतात. यांच्याखाली हे बारके, एका मणक्यावरून दुसऱ्याकडे तिरपे गेलेले. हे काही उचलत नाहीत. मणका जागेवर धरून ठेवायचा, एवढंच यांचं काम. याचा यातलाच एक दचकून आवळलाय."

शेक दिला, तेल दिलं, ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलं. आठ दिवसांनी इनास ठणठणीत होऊन आला. पाठीवर चित्र तसंच! गड्यानं आंघोळच केली नव्हती.

"औषध धुवून कसा टाकू, डाक्टर?"

त्यानंतर मिठागरातली माणसं येऊन सरळ पालथी पडायला लागली. तेल नको, शेक नको. "इनासला काढलंत तसं काढा." डॉक्टर चिडायचे, आणि काढायचे.

*

एकदा माझी सगळी बुचं गायब झाली. शोधत शोधत आत गेलो, तर डॉक्टरांनी ती दोरीत ओवून पाठीचा कणा केलेला. दोन्ही बाजूंची सुतळी म्हणजे हमाल, आणि बुचाबुचांमधले बारीक दोरे म्हणजे त्यांचे ते लाडके. दोरे मात्र बायकोनं बांधून दिलेले, कारण डॉक्टरांना गाठ मारता येत नव्हती.

डॉक्टरांची बायको माझ्याच गावची, आंबिवलीची. सासरचं नाव वेगळं, पण माझ्या तोंडी यमूच बसलेलं. ती मला दादा म्हणायची. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती, म्हणून माझ्यादेखत दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं.

डॉक्टरांनी कणा वरून बोटानं दाबून उभा धरला. यमूनं एका बाजूची सुतळी सोडली. कणा डुलला, पण उभा राहिला. मग तिनं मधले दोनचार बारीक दोरे सोडले, तर तिथंच मुडपला.

"दादा, त्यांना सांगा, बारके सुटले की मोठ्यांचा काही उपयोग नाही."

"कंपाउंडर, तिला सांगा, हे कळायला मला दोन वर्षं लागली."

मी काय सांगणार? ती तिथंच लाल होऊन उभी होती. पंधरा दिवस पेशंट बाटलीला चिंधी कोंबून औषध नेत होते, पण मी तक्रार केली नाही.

*

डॉक्टरांचं वैर एकाच माणसाशी. कोपर गावची एक म्हातारी पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आलेले. पाठीत उसण भरली की पायाळू माणसानं पाय लावायचा आणि उसण जाते, असं आमच्याकडे सगळेच मानतात. त्यामुळे डॉक्टरांचे निम्मे पेशंट आधी कोपरला जाऊन यायचे.

"पायाकडून जन्मलं म्हणून पायात औषध येतं होय? अडाणीपणा नुसता!"

एक दिवस ती म्हातारीच खोकत दवाखान्यात आली. डॉक्टरांनी नीट तपासलं, औषध दिलं. जाताना ती म्हणाली, "तुजं औषध मी घेतलं. तुजी पाठ धरली तं मना बोलाव, लाजू नको."

डॉक्टर कितीतरी वेळ हसत होते. आतल्या दाराशी उभी असलेली यमू हसली नाही.

दुपारी ती मला म्हणाली, "दादा, मी पायाळू आहे हे त्यांना कधी सांगू नका. अडाणी बायको पदरात पडली असं वाटेल त्यांना."

आंबिवलीत लहानपणी हिच्या दाराशी माणसं पाठ धरून बसलेली मी पाहिलेली. एका म्हाताऱ्यानं बरं वाटल्यावर रडत रडत हिच्या ओंजळीत करवंदं ओतलेली. त्या पायांची आता तिला लाज वाटत होती. मला फार वाईट वाटलं. मी शब्द दिला.

*

आणि मग डॉक्टरांनाच उसण भरली. औषधाची पेटी उचलायला वाकले ते तसेच राहिले. शेक झाला, तेल झालं, तीन दिवस चटईवर पालथे. चौथ्या दिवशी इनास भेटायला आला.

"कोपरच्या म्हातारीला आणू?"

"अजिबात नाही."

"तिची गरज काय? घरातच हाय की पायालू. आंबिवलीची यमू. ही लहान असताना मी पन आंबिवलीला जाऊन हिचा पाय लावून घेतलाय." आणि आपण काय केलं याचा पत्ताही नसलेला इनास होडीकडे निघून गेला.

दाराशी यमू पांढरीफटक. डॉक्टरांनी चटईवरूनच मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"कंपाउंडर, तिला विचारा, हे खरं का?"

या वेळी ती माझ्यामार्फत बोलली नाही. "खरं आहे. पण तुम्ही हसाल."

"हसलो की कळ येते. हसणार नाही. लाव पाय."

"नवऱ्याला पाय लावू? पाप लागेल मला."

"दुखतंय गं."

यमूनं पाय धुतले. मी कपाटाकडे तोंड करून उभा राहिलो, पण कपाटाला काच होती. तिनं पाय जेमतेम टेकवला.

"दोन बोटं खाली," डॉक्टर म्हणाले. "कण्याला लागून. अजून आत. हां, तिथंच आहे तो."

तिनं तीनदा पाय लावला आणि लगेच त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागली.

डॉक्टर भिंत धरून हळूहळू उठले. तिला उठवून समोर उभं केलं. मग वाकले. कळ आलेली काचेतसुद्धा दिसली, तरी वाकतच गेले, हात तिच्या पावलांना टेकेपर्यंत.

मी न राहवून वळलो. "डॉक्टर, हे काय?"

"काही नाही," ते खालूनच म्हणाले. "वाकता येतंय का बघतोय."