मी जागा दिली, डोळा नाही

हिंगोलीच्या दवाखान्यातून निघालो तेव्हा माझ्या धाकट्या जावेच्या, कासाबाईच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मोतीबिंदू काढला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "धूळ जाऊ देऊ नका, डोळा जाईल." म्हणून नातीनं पुण्याहून फोनवर गाडी ठरवली, थेट कुरुंद्याला दारापर्यंत. "आजी, गाडी कुठं आहे ते मला इथं दिसत राहील."

गाडी थंडगार होती. औंढ्याच्या पुढे शेतांत हळद शिजत होती, बंद काचेतूनही वास येत होता. कासा म्हणाली, "माय, पाव्हणी झाल्यावानी वाटून राहिलं."

मग ड्रायव्हरनं वाटेत वसमतला जाणारी दोन माणसं घेतली. "आजी, सरका जरा." मी सरकले. काळीपिवळीत (शीट भरल्यावर हलणारी जीप) जन्म गेला. उन्हातल्या माणसाला जागा द्यायची, त्यात विचारायचं काय?

कुरुंद्याच्या फाट्यावर गाडी थांबली.

"उतरा. ह्यांना वसमतची घाई हाय."

"दारापोत ठरलंय!"

"सवारी संपली." त्यानं फोनवर बोट दाबलं आणि पिशवी खाली ठेवली.

फाट्यावर हळद घासायचा ड्रम फिरत होता. पिवळा धुरळा थेट अंगावर. मी कासाच्या तोंडावर पदर धरला. ड्रमवाल्या युसूफनं धावत जाऊन ड्रम बंद केला आणि आम्हाला टेम्पोतून घरी सोडलं. तोवर नातीचा फोन आला, "पोचलात ना? इथं तसं दाखवतंय." आमच्या राखणीचा फोनसुद्धा ड्रायव्हरच्याच बाजूचा!

सकाळी डोळा लालभडक. कासाला पुन्हा दवाखान्यात ठेवलं आणि मी पोलीस ठाण्यात गेले. ड्रायव्हरला बोलावलं. तो म्हणे कंपनीला विचारा. कंपनीची बाई फोनवर म्हणे, आम्ही फक्त गाडी गाठून देतो, ड्रायव्हरला विचारा.

"साहेब, ह्या सोताच सरकल्या की," ड्रायव्हर म्हणाला. "हरकत व्हती तर तवाच बोलायचं."

हवालदार हसला. "आजी, काहून सरकल्या मंग?"

"तुमची माय उन्हात उभी असती तर? मी जागा दिली, डोळा न्हाई दिला."

त्याचं हसू गेलं. त्यानं तक्रार लिहिली. मी चौथी शिकलेली, वाचूनच सही करते. त्यात 'स्वखुशीने उतरल्या' असं होतं. ते खोडायला लावलं. त्यांच्या सगळ्या कायद्याला तेवढाच एक शब्द पुरला असता.

डोळ्याचं डॉक्टरीणबाई अजून काही बोलत नाहीत. मी एकटीच काळीपिवळीनं घरी निघाले. एक लेकुरवाळी चढली.

"मावशी, सरका," ड्रायव्हर म्हणाला.

मी सरकले. रीत माझी आहे, कोण्या लबाडासाठी मी ती सोडणार नाही. पण त्याला ऐकू जाईल असं बोलले, "कुरुंद्याच्या आत उतरायचंय. फाट्यावर न्हाई. ठाण्याचा रस्ता मला पाठ झालाय."