दुसरी चावी घरात

कासीमचाचांच्या हातून एखादी चावी बिघडली, तर ते ती कधी फेकून देत नसत. गिऱ्हाइकाच्या देखत ऐरणीवर ठेवून तिचे दात हातोडीने सपाट करत आणि तो चपटा तुकडा त्याच्याच हातावर ठेवत. "घ्या. तुमच्या कुलपाचं माप माझ्याकडं ऱ्हायला नगं." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला माणूस जरा नाटकी वाटला. मी जनावरांचा डॉक्टर. न बोलणाऱ्यांशी रोजचा व्यवहार असल्यामुळे बोलणाऱ्यांचा मला चटकन संशय येतो.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. सोलापुरातल्या एका निवृत्त इंजिनियरकडून मी जुनी मोटार घेतली होती. दाराला आणि इंजिनाला एकच चावी, आणि तीही एकुलती एक. कंपनीची दुसरी मागवायची तर पुण्याला खेटे घालायचे आणि वर खर्चही करायचा. "इथंच सोलापुरात, नव्या पेठेत चाचा बसतात, स्वस्तात करून देतील," असं जो तो सांगायचा. गेलो. दुकान असं नव्हतंच. एका बंद गोदामाच्या पायरीवर शेगडा, कानशी आणि एक कुलूपबंद लाकडी पेटी. मी चावी पुढे केली, तर चाचा तिला हात लावेनात.

"गाडी कुटं हाय?"

"घरी."

"मग गाडी आना की. ही चावी तुमचीच हाय, हे मला कसं कळावं?"

मी चरफडत गाडी आणली, त्यांच्यासमोर दार उघडून दाखवलं. मग त्यांनी डोळे मिटून चावीच्या दातांवरून अंगठा फिरवला, जणू पोथीतली ओळ वाचताहेत, आणि कानस उचलली. नवी चावी पहिल्याच झटक्याला फिरली. ती हातात देताना म्हणाले, "ही घरी भाभींच्या हातात द्या. दुसरी चावी घरात. दोनी तुमच्याच खिशात ऱ्हायल्या तर ती एकच चावी झाली, डाक्टर." मी हो हो म्हटलं आणि कोपऱ्यावर वळताच दोन्ही चाव्या एकाच कडीत अडकवल्या. वेळेला हाताशी असलेली बरी, हे माझं शहाणपण.

पुढे त्या पायरीवर चहाच्या निमित्ताने माझं बसणं होऊ लागलं. एकदा एका इसमाने साबणाची वडी आणली. वडीवर कुणाच्या तरी चावीचा चोरून घेतलेला ठसा होता. चाचांनी वडी घेतली, शेजारच्या नळावर तिनेच कोपरापर्यंत हात धुतले आणि गुळगुळीत झालेली वडी परत दिली. "लई झ्याक साबन हाय की!" तो इसम गेला तो परत फिरकला नाही. मी मात्र हसून हसून चहा सांडला.

माझं शहाणपण उघडं पडलं एका उन्हाळ्यात. मंगळवेढ्याकडच्या एका वाडीत मेंढ्या पटापट मरत होत्या. लस आली होती. बर्फाच्या पेटीत घालून ती मी गाडीत ठेवली, दाराला चावी लावली आणि वाटेसाठी पाणी घ्यावं म्हणून आडावर वाकलो. खिशातली चाव्यांची कडी सुटली आणि थेट तळाशी गेली. विमल, माझी बायको, शेजारीच उभी होती.

"दुसरी कुठाय?"

"तीही त्यातच."

तिने आधी आडात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे.

वाडीतली माणसं पहाटेपासून कळप अडवून बसलेली, इथे बर्फ वितळायला लागलेला. मी धापा टाकत चाचांकडे पोचलो आणि बोलू नये ते बोललो. "चाचा, त्या चावीचं माप तुम्ही कुठंतरी ठेवलं असेलच ना?"

त्यांची कानस थांबली. "न्हाय, डाक्टर," एवढंच म्हणाले आणि पेटी सायकलला बांधू लागले.

गाडीपाशी त्यांनी काम सुरू केलं. बिनदातांची कोरी चावी मेणबत्तीवर धरून काजळी बसू द्यायची, कुलपात घालून दाबायची, काजळी जिथे खरवडली असेल तिथे कानस चालवायची, की पुन्हा काजळी. काचेतून बर्फाच्या पेटीखालचं पाणी दिसत होतं. मला राहवेना. मी दगड उचलला.

"ठिवा तो. काच फोडून लस हाती यील, पन चावीबिगर वाडीवर पोचंल का? घाई तुमाला हाय, कुलपाला न्हाय."

तासाभराने दार उघडलं. बर्फ निम्मा उरला होता. मी वाडीवर पोचलो, कळप वाचला.

दुसऱ्या दिवशी चाचा स्वतः घरी आले. ओट्यावर बसून त्यांनी दुसरी चावी केली आणि मला ओलांडून विमलच्या हातात दिली. मग खिशातून एक बारकी चावी काढली. "भाभी, ही बी ठिवा. माझ्या पेटीची दुसरी. डाक्टरांना वाटलं म्या माप ठिवलं आसंल. कवाबी या, उघडून बघा." आवाजात राग नव्हता, म्हणून तर मला मान वर करवेना. विमलने दोन्ही चाव्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवल्या.

ती पेटी आम्ही कधी उघडली नाही. दशक सरता सरता चाचा चार दिवसांच्या तापाने गेले. पंधरवड्याने चाची दारात उभ्या. पेटीची चावी सापडत नव्हती. "ते म्हनायचे, दुसरी भाभींकडं हाय."

विमल आणि मी त्यांच्या घरी गेलो. विमलनेच कुलूप काढलं. तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या कानशी, मेणबत्तीचा तुकडा, तारेत ओवलेल्या कोऱ्या चाव्या. मी ती तार शेवटपर्यंत चाचपली. दात कोरलेली एकही चावी त्यात नव्हती. चाचांनी बघायला सांगितलं होतं. ते मी इतक्या उशिरा बघितलं.

विमलने ती बारकी चावी चाचींच्या हातावर ठेवली. त्यांनी ती परत तिच्या मुठीत सरकवली.

"ही तुमच्याकडंच आसू द्या. पयली सापडंल की हितंच कुटंतरी."